‘एक्झोडस’ : वीररसाच्या आड राहिलेला करुण

ऐतिहासिक कथा रचणाऱ्यास इतिहासात फेरफार करण्याची मुभा असावी की नसावी, हा वाद आपल्या वाङ्मयात चांगलाच मुरलेला आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या निघू लागल्या तेव्हापासून तो चालू आहे, आणि दर पिढीत कोणी ना कोणी तो नव्याने उकरून काढतो. वादाचे उत्तर ॲरिस्टॉटलने कधीच देऊन ठेवले आहे असे आमच्यासारखे इंग्रजी महाविद्यालयांत शिकलेले लोक म्हणतात. घडलेले सांगणे हे इतिहासकाराचे काम, घडण्याजोगे सांगणे हे कवीचे. तेव्हा कवीला तपशिलाच्या खुंट्याला बांधून ठेवण्याचे कारण नाही. हे खरे आहे. पण पुरते खरे नाही. मोकळीक मिळाली म्हणजे हिशेब चुकला असे होत नाही. कवीने काय बदलले एवढे दाखवून टीकाकाराचे काम संपत नाही, आणि बदलण्याचा अधिकार होता एवढे सांगून कवीही सुटत नाही. त्या बदलाने काय साधले आणि त्याच्या मोबदल्यात काय हातचे गेले, हे पाहावे लागते. ओटो प्रेमिंजर ह्याचा ‘एक्झोडस’ हा १९६० सालचा अमेरिकन बोलपट ह्या दृष्टीने फिरून पाहण्याजोगा आहे; कारण त्यातील मुख्य फेरफार लहानसहान नसून कथेचा रसच पालटणारा आहे.

बोलपट लिऑन युरिस ह्याच्या १९५८ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. विषय पॅलेस्टाइनात ज्यू लोकांचे राष्ट्र उभे राहिले तो. नाव बायबलातील दुसऱ्या पुस्तकाचे. मराठी बायबलात त्याला ‘निर्गम’ म्हटले आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटून वचनदत्त भूमीकडे निघालेल्या लोकांची ती कथा. लांबी दोनशे आठ मिनिटांची, म्हणजे जवळजवळ साडेतीन तासांची. चित्रण बरेचसे प्रत्यक्ष सायप्रस बेटावर व इस्रायलात केलेले. पटकथा डाल्टन ट्रंबो ह्याची. ह्या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. साम्यवाद्यांशी संबंध असल्याच्या संशयावरून अमेरिकन संसदेच्या समितीने ज्यांना पाचारण केले आणि ज्यांनी उत्तरे देण्याचे नाकारले, अशा हॉलिवुडच्या दहा जणांपैकी हा एक. त्याने १९५० साली तुरुंगवास भोगला. सुटल्यावर दुसऱ्यांच्या नावांआड दडून तो लिहीत राहिला, आणि त्या उसन्या नावांनी त्याच्या लिखाणाला ऑस्कर पारितोषिकेही मिळाली. १९६० च्या जानेवारीत प्रेमिंजरने जाहीर केले की ‘एक्झोडस’च्या श्रेयनामावळीत ट्रंबोचे नाव उघडपणे झळकेल. त्याच वर्षी ‘स्पार्टाकस’वरही ते झळकले, आणि बहिष्काराच्या भिंतीला मोठे खिंडार पडले. गाळलेल्या नावाचे दुःख काय असते हे ज्याने तेरा वर्षे अनुभवले, त्याच्या लेखणीतून उतरलेल्या ह्या कथेतून कोणाकोणाची नावे गळली, हे पाहणे म्हणूनच अधिक कुतूहलाचे होते.

कथा थोडक्यात अशी. १९४७ साल. पॅलेस्टाइनात शिरू पाहणाऱ्या ज्यू निर्वासितांना इंग्रज सरकारने सायप्रसमधील तारांच्या कुंपणांत कोंडून ठेवले आहे. आरी बेन कनान हा तरुण इंग्रज कप्तानाचा गणवेश चढवतो, इंग्रजांच्याच लष्करी मोटारींतून सहाशेंवर माणसे दिवसाढवळ्या बंदरावर आणतो आणि एका जुनाट आगबोटीवर चढवतो. इंग्रज बंदराचे तोंड अडवतात. बोटीवरचे लोक उपोषण आरंभतात. बळाने कोणी वर आला तर बोट सुरुंगाने उडवून देऊ असे बजावतात. एक वृद्ध वैद्य त्या उपोषणात प्राण सोडतो. अखेर इंग्रज नमतात आणि बोट पॅलेस्टाइनला पोहोचते. ही पहिली निम्मी कथा. पुढे जेरुसलेममधील किंग डेव्हिड हॉटेलातील स्फोट, आक्र येथील तुरुंग फोडणे, संयुक्त राष्ट्रसंघाचे फाळणीच्या बाजूने मतदान, आणि मतदानाच्या पाठोपाठ उसळलेली लढाई. ह्या सर्वांतून वाट काढणारी एक प्रेमकथाही आहे, आरीची आणि किटी फ्रेमाँट नावाच्या अमेरिकन विधवा परिचारिकेची. तिच्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण दिसत नाही. किटीची योजना अमेरिकन प्रेक्षकाला हाताला धरून परक्या मुलखात नेण्यासाठी केलेली आहे. ते काम ती पार पाडते.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. ‘एक्झोडस १९४७’ ह्या नावाची आगबोट खरोखरच होती. १९२८ साली बांधलेली ती बोट अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात उतारूंची ने-आण करीत असे. खाडीतल्या फेऱ्यांसाठी बांधलेल्या ह्या बोटीत साडेचार हजारांवर माणसे दाटीवाटीने बसवण्यात आली, आणि १९४७ च्या जुलैत ती फ्रान्सच्या सेत बंदरातून निघाली. १८ जुलै रोजी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, खुल्या समुद्रात, इंग्रजांच्या युद्धनौकांनी तिला दोन्ही बाजूंनी धडका दिल्या. वर चढलेल्या खलाशांशी उतारूंची हातघाई झाली; तीन माणसे मारली गेली. मोडकी बोट हैफा बंदरात ओढून आणण्यात आली, उतारूंना उतरवून तीन तुरुंगवजा जहाजांवर चढवण्यात आले आणि परत फ्रान्सकडे हाकण्यात आले. तेथे पोर-द-बूक गावासमोर ती जहाजे उन्हाळ्याच्या काहिलीत जवळजवळ साडेतीन आठवडे उभी होती. थोड्या आजारी व अडलेल्या माणसांखेरीज कोणी उतरेना. फ्रेंच सरकार म्हणे, खुशीने उतरतील त्यांना आसरा देऊ, बळाने उतरवू देणार नाही. शेवटी २२ ऑगस्ट रोजी जहाजे तेथून हलली, आणि सप्टेंबरात हँबुर्ग बंदरात त्या माणसांना उतरवण्यात आले. कित्येकांना लाठ्यांच्या जोरावर, फरफटत. हँबुर्ग, म्हणजे जर्मनी! ज्या देशातील छळछावण्यांतून जगून वाचून ही माणसे निघाली होती, त्याच देशातील छावण्यांत त्यांना पुन्हा नेऊन ठेवण्यात आले.

मधल्या तारखांकडे मराठी वाचकाचे लक्ष आपोआप जाईल. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्याकडे गावोगाव तोरणे लागली होती, तेव्हा ती तीन जहाजे पोर-द-बूकच्या समुद्रात उभी होती. एका मुलखातून त्याच दिवशी पाय काढणारे साम्राज्य दुसरीकडे हे करीत होते.

मग चित्रपटातील उपोषणाचा विजय कोठून आला? तो अगदीच पोरका नाही. १९४६ च्या वसंतात इटलीतील ला स्पेत्सिया बंदरात सुमारे एक हजार ज्यू निर्वासितांच्या बोटी अडकून पडल्या होत्या. त्यांनी उपोषण केले, बोटी बुडवण्याची धमकी दिली, आणि अखेर त्यांना पॅलेस्टाइनात जाण्याची परवानगी मिळाली. कादंबरीकाराने आणि त्यामागोमाग चित्रपटकाराने त्या बोटीचे यश ह्या बोटीच्या नावावर चढवले. ही दोन प्रसंगांची निव्वळ सरमिसळ नव्हे. हरलेल्यांचे नाव घ्यायचे आणि जिंकलेल्यांचा प्रसंग सांगायचा, असा हा सौदा आहे.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे रसाचा स्थायीभावच बदलला गेला. मूळ घटनेचा स्थायीभाव शोक आहे. चित्रपटाने तेथे उत्साह बसवला. शोक आणि उत्साह ह्यांतून जगाच्या चालीविषयी निघणारे अर्थ वेगळे असतात, म्हणून हा बदल केवळ चवीचा ठरत नाही. चित्रपट पाहताना असे वाटते की एक धाडसी नायक, एक चतुर योजना आणि शेकडो माणसांचा अचल निर्धार ह्यांपुढे साम्राज्य वाकले. प्रत्यक्षात साम्राज्य वाकले नाही. त्याने आपल्या मनासारखे केले, आणि ते करताना जगापुढे त्याची अब्रू गेली. हैफाच्या धक्क्यावर उतारूंना ओढत नेले जात असताना पॅलेस्टाइनचा प्रश्न सोडवण्यासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीचे अध्यक्ष आपल्या एका सहकाऱ्यासह तेथे उभे राहून ते पाहत होते. जगाचे मन वळले ते त्या माणसांच्या पराभवाने. ‘एक्झोडस’ने नेमकी ही कार्यकारणाची दोरी कापली, आणि त्या जागी नायकाचे कर्तृत्व आणून बांधले.

घटनाक्रमाचेही तसेच. किंग डेव्हिड हॉटेलातील स्फोट २२ जुलै १९४६ चा, म्हणजे आगबोटीच्या एक वर्ष आधीचा. त्यात एक्याण्णव माणसे मेली. इंग्रज, अरब आणि ज्यूही. चित्रपटात तो आगबोटीनंतर येतो. आधी सौम्य प्रतिकाराचा विजय, मग उग्र प्रतिकाराचा भडका, अशी चढण त्यामुळे नीट साधते. नाट्यदृष्ट्या हे चांगले आहे, हे कबूल करावे लागेल.

कोणी म्हणेल, सर्वस्व हरलेल्या माणसांची साडेतीन तासांची कहाणी कोण पाहील? प्रश्न व्यवहाराचा म्हणून ठीक आहे, कलेचा म्हणून नाही. आणि त्याला उत्तर ह्या चित्रपटातच आहे, कारण त्यातील सर्वांत बलवान प्रवेश शुद्ध करुणाचा आहे. डोव्ह लांडाऊ हा आउश्विट्झमधून वाचलेला पोर. इर्गुन ह्या गुप्त सशस्त्र संघटनेत घ्या म्हणून तो येतो. संघटनेचा प्रमुख अकिवा त्याची तपासणी घेतो. सुरुंगाचे काम तू कोठे शिकलास? उत्तरे येतात ती आधी गुर्मीत, मग चाचरत, मग अडखळत. प्रश्न विचारणाऱ्याला छावणीतील दिनक्रम ठाऊक आहे. तो एकेक खोटे उत्तर शांतपणे परत करतो. हळूहळू कळते की पोराने सुरुंग लावले ते प्रेते पुरण्याचे खड्डे खणण्यासाठी. आणि शेवटी, सगळे सांगून झाल्यावरही काही उरले आहे असे प्रश्नकर्ता म्हणतो तेव्हा, आपल्या देहाची शिपायांनी केलेली विटंबना तो रडत सांगतो. सँल मिनिओ ह्या तरुण नटाने हे काम असे केले आहे की प्रेक्षकाला मान वर करवत नाही. आणि लगेच त्याच पोराला बायबलावर हात ठेवून शपथ दिली जाते. लाज कबूल करवून घेऊन तिच्यावर शस्त्र चढवण्याची ही क्रिया दिग्दर्शकाने कोणतेही भाष्य न करता दाखवली आहे. राष्ट्रे कशी घडतात ह्याविषयी उरलेल्या तीन तासांत जे सांगितलेले नाही ते ह्या काही मिनिटांत आले आहे.

प्रेमिंजरच्या रीतीविषयी येथेच बोलले पाहिजे. तो व्हिएन्नात वाढलेला. बाप सरकारी वकील, आणि त्याने स्वतःही कायद्याची पदवी घेतलेली. त्याची चित्रे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही. एकाचा चेहरा, मग दुसऱ्याचा चेहरा, असे तुकडे जोडून प्रेक्षकाला कोणाची बाजू घ्यायची हे सुचवत जाणे त्याला आवडत नाही. रुंद पडद्यावर तो वादी आणि प्रतिवादी दोघांना एका चौकटीत उभे करतो, कॅमेरा फारसा न तोडता चालू ठेवतो आणि बोलू देतो. आरी आणि अकिवा ह्या पुतण्या-काकांचा वाद ह्याचे उत्तम उदाहरण आहे. पुतण्या म्हणतो, तुमच्या स्फोटांनी आमचे राजकारण बिघडते. काका म्हणतो, रक्तपाताखेरीज जन्मलेले राष्ट्र दाखव. आरीचा बाप बराक आणि हा अकिवा सख्खे भाऊ. मार्ग वेगळे पडल्यामुळे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. जहाल आणि मवाळ ह्यांचा झगडा घराघरांत पाहिलेल्या आपल्या लोकांना हे भाऊ ओळखीचे वाटतील. दिग्दर्शक निकाल देत नाही. इंग्रजांनाही हाच न्याय मिळाला आहे. एका बाजूस ज्यू माणूस पाहताक्षणी ओळखता येतो असे म्हणणारा आणि आरीच्या डोळ्यांत डोळा घालूनही त्याला न ओळखणारा मेजर कॉल्डवेल आहे, दुसऱ्या बाजूस राल्फ रिचर्डसनने रंगवलेला, हुकूम पाळताना कष्टी होणारा सेनापती सदरलँड आहे. पॉल न्यूमनचा आरी ह्यांच्या मानाने कोरडा वाटतो. पुतळ्याला चालता केल्यासारखा.

परंतु चौकटीत दोन्ही पक्ष उभे करणारा हा वकील-दिग्दर्शक एका पक्षकाराला मात्र न्यायालयाच्या दारातच थांबवतो. पॅलेस्टाइनातील अरब माणसाची बाजू येथे जवळजवळ मांडलीच गेलेली नाही. त्या बाजूचे मुख्य पात्र एक, ताहा. तो आरीबरोबर वाढलेला. त्याच्या बापाने आपली जमीन ज्यूंच्या मुलांच्या वसाहतीसाठी दिलेली. मतदानानंतर त्याच्या मनाची ओढाताण दाखवणारा एक प्रवेश आहे आणि तो चांगला आहे. पण ताहाचे चांगुलपण सारे त्याच्या मैत्रीत आहे. आपल्या गावाविषयी, आपल्या लोकांच्या भवितव्याविषयी त्याला स्वतःचे असे मत आहे की नाही ते कळत नाही. आणि जे अरब विरोध करतात त्यांची सूत्रे कोणाच्या हातात दिली आहेत? एका जर्मन नात्सी अधिकाऱ्याच्या. जेरुसलेमचा मुफ्ती युद्धकाळात बर्लिनला जाऊन राहिला होता हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु त्या एका माणसाच्या पापाखाली शेतकऱ्या-गावकऱ्यांचा सगळा विरोध गाडून टाकणे हा युक्तिवादातला डाव झाला. शत्रू नात्सी ठरला की त्याचे म्हणणे ऐकण्याची गरजच उरत नाही.

कादंबरीतील अरबांचे चित्र ह्याहून कितीतरी काळे आहे, आणि चित्रपटाने ते सौम्य केले म्हणून कादंबरीकार रुष्ट होता, हे प्रेमिंजरच्या बाजूने नोंदले पाहिजे. तरीही १९४७ ते १९४९ च्या दरम्यान सात लाखांच्या आसपास अरब घरादारांना मुकले, त्यांची गावे ओस पडली. बराक सज्जावरून अरबांना आर्जवाने सांगतो की घरे सोडून जाऊ नका. पुढे काय झाले ते चित्रपट सांगत नाही, कारण तो त्याआधीच संपतो. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी तेहतीस विरुद्ध तेरा मतांनी फाळणीचा ठराव संमत झाला, दहा राष्ट्रे तटस्थ राहिली. पडद्यावर तो प्रसंग म्हणजे हजारोंचा आनंदकल्लोळ आहे. विरोधी तेरांत हिंदुस्थानचे मत होते. त्यापूर्वी समितीतही हिंदुस्थान, इराण व युगोस्लाव्हिया ह्यांच्या प्रतिनिधींनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. त्यामागे राजकारण नव्हते असे नाही. पण जे मत देताना पंजाबातून माणसांचे तांडे अजून चालत होते, त्या मताला अनुभवाचेही थोडे वजन असावे. फाळणीची रेघ नकाशावर किती बारीक असते आणि जमिनीवर किती रुंद होते, हे त्या नोव्हेंबरात आपल्या देशाइतके कोणाला ठाऊक होते?

जाता जाता आणखी एक गाळलेले माणूस. चित्रपटातील मुख्य ज्यू पात्रे बहुतेक सारी युरोपातून आलेली, नाहीतर युरोपातून आलेल्यांची मुले आहेत. आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने ह्याच देशात जाऊन राहिले. हा चित्रपट जगभर गाजत असतानाच्या त्या दशकात, विवाहाच्या बाबतीत हे लोक पूर्ण ज्यू मानावेत की नाही असा वाद तेथील धर्माधिकाऱ्यांनी काढला. लोकांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली तो प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. चित्रपटाने त्यांना दाखवायला हवे होते असे आमचे म्हणणे नाही. एवढेच, की पडद्यावर मेजर कॉल्डवेल जी चूक करतो, चेहऱ्यावरून जात ठरवण्याची, ती केवळ इंग्रज मेजरचीच नव्हती.

अर्न्स्ट गोल्डच्या संगीताला त्या वर्षीचे ऑस्कर मिळाले. त्यातील मुख्य धून भव्य आहे, आणि तीच चित्रपटाची अडचणही आहे. जेथे दिग्दर्शक गप्प बसतो तेथे ती बोलते.

शेवटच्या प्रवेशात हे सर्वांत अधिक जाणवते. डोव्हवर प्रेम करणारी, डेन्मार्कमध्ये वाढलेली कोवळी कॅरेन रात्री मारली जाते. त्याच सुमारास ताहा आपल्याच लोकांच्या हातून मरतो. मैत्रीची शिक्षा म्हणून त्याला फासावर टांगलेले असते आणि छातीवर ज्यूंचा तारा कोरलेला असतो. आरी हट्टाने दोघांना एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी ठेवायला लावतो, आणि शपथ घेतो की एक दिवस ह्या भूमीत अरब आणि ज्यू मरणात सोबती आहेत तसे जीवनातही होतील. तीन तास वीररसाच्या मागे धावून चित्रपट येथे त्याने पहिल्या तासात टाकून दिलेल्या करुणाशी परत येतो. अरब आणि ज्यू ह्यांना दिग्दर्शकाने अखेर एका चौकटीत, बरोबरीने ठेवले आहे. परंतु त्यासाठी दोघांनाही आधी मरावे लागले आहे. ताहाच्या तोंडी जे शब्द हवे होते ते त्याच्या प्रेतावर आरी उच्चारतो. मग माती लोटली जाते, पुरुष आणि बायका बंदुका उचलतात, लष्करी मोटारींत चढतात. गोल्डची धून पुन्हा उसळते, आणि मोटारींची रांग लढाईच्या दिशेने निघते.